कारंजा ते पिंपळखुटा, १५२ किलोमीटर

३० जून २०२३, संध्याकाळी ५ च्या सुमारास
नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी ट्रॅव्हल्स निघते. कोणत्याही बसची किल्ली फिरवली की ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागतो आणि इंजिनाने दाब धरला की विझतो. तो विझला नाही तर जुना चालक गाडी जागची हलवत नाही. तेलाचा दाब नसेल तर बेअरिंग काही मिनिटांत जातात आणि इंजिन जाम होतं. बाजूला पाण्याच्या तापमानाचा काटा असतो, ब्रेकच्या हवेचा असतो. स्टिअरिंगवरचा माणूस कितपत जागा आहे, हे सांगणारा काटा नसतो.

संध्याकाळ ते रात्र
वर्धा, यवतमाळ. प्रवासी चढत जातात. अखेर बसमध्ये ३३ जण होतात. बसची नोंदणी २०२० ची. फिटनेस मार्च २०२४ पर्यंत आहे. पीयूसी मार्चमध्येच संपलेली, पण त्यावरून बस कुठे अडत नाही.

रात्री १० च्या सुमारास
कारंजा लाड. जेवणासाठी थांबा. पुणं अजून रात्रभराच्या अंतरावर आहे.

११.०८
कारंजा इंटरचेंजवरून बस समृद्धी महामार्गावर चढते.

नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, त्याला साडेसहा महिने झालेत. सहा पदरी काँक्रीट, लांबच लांब सरळ. समोरून गाडी येत नाही, दुचाकीला परवानगी नाही, मध्ये गाव लागत नाही. चहा प्यायला उतरावं अशा जागा जवळपास नाहीत. रस्ता आधी खुला झाला, थांबे मागून यायचे होते. नागपूरच्या व्हीएनआयटीच्या अभ्यासकांनी या रस्त्यावर चालकाला येणाऱ्या ग्लानीकडे, ‘रोड हिप्नॉसिस’कडे, आधीच बोट दाखवलं होतं. परिवहन विभाग त्या उन्हाळ्यात समृद्धीवर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासत होता. टायरची झीज डोळ्यांना दिसते.

मध्यरात्रीनंतर
वाशीम जिल्हा मागे पडतो, बुलढाणा सुरू होतो. बसचा सरासरी वेग ताशी ६३ किलोमीटरच्या आसपास आहे. समृद्धीच्या मानाने हा वेग संथच. प्रवासी झोपलेत.

१ जुलै, पहाटे १.३२ च्या सुमारास
सिंदखेडराजा तालुका, पिंपळखुटा. बस आधी रस्त्याकडेच्या खांबाला धडकते, मग दुभाजकाला. पुढचा ॲक्सल निखळतो. बस डाव्या कुशीवर उलटते. दार डाव्या बाजूला आहे; ते खाली दबतं. डिझेलची टाकी फुटते आणि पेट घेते.

पुढची काही मिनिटं
काच फोडून काही जण बाहेर पडतात. एकूण आठ वाचतात, त्यांत चालकही आहे. २५ जण आतच राहतात.

१ जुलै, दिवसभर
बहुतेक मृतदेह ओळखण्यापलीकडे गेलेले. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस घटनास्थळी येतात. मृतांच्या वारसांना राज्याकडून पाच लाखांची मदत जाहीर होते. टायर फुटला, असं चालक पोलिसांना सांगतो. अपघातानंतर हे कारण आपल्याकडे नेहमीच पुढे येतं, आणि बस जळून खाक झालेली असताना ते खोडायचं तरी कशावरून?

२ जुलै
नातेवाइकांच्या संमतीने बुलढाण्यात २४ जणांवर सामूहिक अंत्यसंस्कार होतात. कोणता देह कोणाचा, याची वाट पाहायची तर डीएनए तपासणी होईपर्यंत थांबावं लागलं असतं.

त्यानंतरचे दिवस
खोडायला रस्ता पुरतो. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालानुसार टायर फुटल्याची खूण सापडत नाही: रस्त्यावर रबराचे तुकडे नाहीत. वेगही कारण ठरत नाही. १५२ किलोमीटरला दोन तास चोवीस मिनिटं लागली होती. चालकाला डुलकी लागली असावी, या शक्यतेकडे तपास वळतो. मग न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल येतो. चालकाच्या रक्तात मद्याचा अंश आढळलेला असतो.

११.०८ ला कारंज्याच्या नाक्यावर नोंद झाली ती बसची.