पडद्यावरचा दिवाणखाना

बंगळूरच्या दक्षिणेस असलेल्या जे. पी. नगरात एखाद्या नव्या घराची आतील मांडणी ठरू लागली, म्हणजे घरमालक, मालकीणबाई, क्वचित सासूबाई आणि एक तरुण सजावटकार अशी मंडळी संगणकाच्या पडद्यापुढे बसतात, आणि जे घर प्रत्यक्षात अद्याप विटा, वाळू आणि लोंबकळणाऱ्या तारा यांच्या अवस्थेत आहे, त्याच्या दिवाणखान्यात मनाने एक फेरफटका मारून आल्यावर, हे कपाट दाराला आडवे येते, देव्हारा स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून नको, अशा हरकतीही नोंदवू लागतात. या साऱ्या प्रकाराला सर्वांच्या तोंडी 'थ्रीडी' एवढेच सुटसुटीत नाव आहे. हे काल-परवाचे नवल होय अशी सर्वसाधारण समजूत दिसते. परंतु पडदा, दिवाणखाना आणि त्रिमिती या तिहींचा झगडा मराठी माणसाने संगणकाच्या पुष्कळ आधी पाहिला होता, आणि त्या इतिहासाचा एक धागा योगायोगाने याच वसाहतीत येऊन पोहोचला आहे.

संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात रंगभूमीवरचा दिवाणखाना कापडावर रंगवलेला असे. खांब, कमानी, झुंबरे, दूरवर निमुळत्या होत गेलेल्या महिरपी, असा सारा थाट त्यावर असे; मात्र त्या खांबाला टेकण्याची सोय नायकाला नव्हती, आणि तो चुकून पडद्याजवळ सरकला, तर महालाच्या टोकाशी असलेल्या खांबापेक्षा त्याचे डोके वर जाई. असे पडदे रंगवण्यात कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या जोडीची मोठी ख्याती होती. पुढे चित्रपटाकडे वळलेल्या बाबूरावांनी, मूळच्या मेस्त्री घराण्यातले कारागीर असल्यामुळेच की काय, रंगवलेल्या कापडावर समाधान मानले नाही. 'सिंहगड' (१९२३) या मूकपटाच्या काळात त्यांनी पात्रांना ज्यात वावरता येईल असे भरीव नेपथ्य उभे केले. नाटकाला या वळणावर यायला आणखी दहा वर्षे लागली. 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने १९३३ साली श्री. वि. वर्तकांचे 'आंधळ्यांची शाळा' मुंबईत रंगभूमीवर आणले, तेव्हा पडद्यांचा डोलारा बाजूला सारून बंदिस्त खोलीचे नेपथ्य मांडले गेले. मराठी मध्यमवर्गाने स्वतःच्या बैठकीच्या खोलीकडे बाहेरून, तिकीट काढून, चिकित्सक नजरेने पाहायला सुरुवात केली ती याच सुमारास, असे मला वाटते.

बंदिस्त खोलीचे नेपथ्य आले, की त्याच्या पाठोपाठ पुठ्ठ्याचा नमुना आला. अर्धा इंच म्हणजे एक फूट अशा काही प्रमाणाने केलेली ती खोली टेबलावर ठेवून दिग्दर्शक व नेपथ्यकार दार डावीकडे असावे की उजवीकडे यावर वाद घालीत, आणि वाद मिटल्यावरच सुताराच्या हाती करवत येई. ही रीत जगात जुनी आहे. लंडनच्या सेंट पॉल चर्चसाठी क्रिस्टोफर रेन याने १६७३-७४ साली लाकडाचा एवढा मोठा नमुना करवून घेतला, की पाहणाऱ्याला आत शिरून वर नजर टाकता यावी. आणि एवढे करूनही तो आराखडा नामंजूर झालाच! माझ्या मते नमुन्याचा खरा उपयोग हाच. नकाशा आणि नमुना हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले. पण नकाशा कचेरीत राहिला आणि नमुना कारखान्यात. नकाशाला मंजुरी मिळते ती मोजमापावर. नमुन्याला नकार देता येतो, कारण तो अडाण्यालाही समजतो.

जे. पी. नगराचा संबंध येथे येतो. जयप्रकाश नारायणांचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीच्या दुसऱ्या फेजमध्ये २००४ साली 'रंगशंकरा' हे नाट्यगृह उभे राहिले. त्यामागे ज्यांचा ध्यास होता, त्या अरुंधती नाग मराठी, गुजराती, हिंदी, कन्नड अशा अनेक रंगभूमींवर वावरलेल्या. आणि ज्यांच्या स्मरणार्थ ते उभारले, ते १९९० साली अपघातात निवर्तलेले शंकर नाग होन्नावरचे असूनही मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेले.

नाट्यगृहाभोवतीच्या गल्ल्यांतील घरांना मात्र नमुन्याचे सुख फार दिवस लाभले नव्हते. बंगळूर विकास प्राधिकरण १९७६ सालचे. अशा संस्थांनी आखलेल्या वसाहतींत जमीन जोखायचे माप म्हणजे 'थर्टी-फॉर्टी', म्हणजे तीस फूट बाय चाळीस फूट, एकूण बाराशे चौरस फुटांचा तुकडा. त्यावर घर बांधणारा मनुष्य नकाशावर सही करी ती बहुधा श्रद्धेने. आतले लाकूडकाम तर कागदावर येतच नसे. सुतार येई, आठ बाय चारचे प्लायवूड भिंतीला टेकवी, हाताने हवेत एक चौकोन काढून "असे करू" म्हणे, आणि मालक मान हलवी. हवेतला चौकोन आणि मालकाच्या डोक्यातला चौकोन निराळे होते, हे कपाट उभे राहिल्यावर कळे. आणि कापलेले प्लायवूड पुन्हा जोडता येत नसल्याने ती नापसंती पुढची वीस वर्षे घरातच नांदे.

हवेतला हा चौकोन काचेवर उतरवण्याचा खटाटोप तिकडे दूर चालू होता. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड याने प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढून दाखवली. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास यूटा विद्यापीठातील मार्टिन न्यूएल याला त्रिमितीच्या प्रयोगासाठी एखादी वक्र वस्तू हवी होती, तेव्हा त्याने घरातली चहाची किटलीच आलेखाच्या कागदावर उतरवून तिचे आकडे यंत्राला दिले. आणि ही किटली पुढे या शास्त्राची जणू आद्य देवता ठरली. पहिला मान राजवाड्याला न मिळता किटलीला मिळाला, हे आम्हां गृहस्थाश्रमी लोकांना समाधानकारक वाटावे. ऑटोकॅड १९८२ सालचे. सजावटकारांच्या हाती खऱ्या अर्थाने सोयीचे साधन आले ते २००० साली, स्केचअपच्या रूपाने: जमिनीवर चौकोन काढावा, त्याला बोटाने धरून वर ओढावे, की भिंत उभी! २०१४ साली बंगळुरात लिव्हस्पेस आणि होमलेन या दोन कंपन्या निघाल्या, आणि जी गोष्ट एकेका सजावटकाराच्या मर्जीवर होती, ती धंद्याची रीतसर पायरी बनली.

या पडद्यावरच्या दिवाणखान्यात उजेडही पाडता येतो, आणि त्यातून कधी कधी एखादे खरे ज्ञान पदरात पडते. बंगळूर तेरा अक्षांशावर असल्याने एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत भर मध्यान्हीचा सूर्य तेथे माथ्याच्या उत्तरेस असतो. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, या भरवशावर तिच्याखाली लेखनाचे टेबल मांडणाऱ्या आमच्या एका पुणेकर स्नेह्यांना जूनमधील सायंकाळचे तिरपे ऊन टेबलावर पसरलेले चित्रातच दिसले, आणि टेबल हलले. भूगोलाच्या पुस्तकाने हे काम चाळीस वर्षांत केले नव्हते.

तरीही अखेरच्या दिवशी गुण्या लागतोच. चित्र छापून भिंतीला चिकटवलेले असते आणि त्यातला प्रत्येक कोपरा नेमका काटकोनात असतो. गिलावा करणाऱ्या गवंड्याला ते चित्र कोणी दाखवलेले नसते. सुतार कोपऱ्यात गुण्या धरतो, वर दोन सूत आणि खाली पाच सूत फट मोजतो, कपाट सरळ ठेवून भिंतीकडच्या बाजूला एक निमुळती पट्टी रंध्याने तासून बसवतो, आणि तिच्यावर त्याच रंगाचा सनमायका चढवतो. महिन्याभराने पाहुण्यांना घर दाखवताना मालकीणबाई मोबाइलवरचे चित्र आणि कपाट शेजारी शेजारी धरतात, आणि दोन्ही अगदी एक आहेत, असे सांगतात.