तुकोबाराय वैकुंठाला गेल्यावर मागे राहिलेली मंडळी

 

दिंडीला शंभर वर्षे झाली, पुस्तक निघतंय, तुम्हीही चार शब्द लिहा, असं मंडळी म्हणाली. मी चौथी शिकलेला शेतकरी. गाथेत वाचलं, कीर्तनात ऐकलं आणि थोरांच्या तोंडून कानी आलं, तेच मांडतो. विषय असा, की माणूस गेल्यावर त्याच्या सोबतीची माणसं काय करतात? रडतात, दिवस घालतात आणि मग आठवणी काढत बसतात. आपल्याला वाटतं, हे बसल्या जागेचं बोलणं. पण आपण आषाढीला ज्या वाटेनं चालतो ती वाट ह्या बोलण्यातूनच निघाली. कशी ते बघा.

शके १५७१, म्हणजे इसवी सन १६५०, फाल्गुन वद्य द्वितीया. हीच आपली तुकाराम बीज. त्या दिवशी तुकोबाराय वैकुंठाला गेले. आपण बिजेला देहूला जातो, नांदुरकीवर फुलं टाकतो, गजर करतो. पण त्या बिजेच्या दुसऱ्या दिवशी देहूत काय झालं असेल, हा विचार फार थोडे करतात. घरात जिजाबाई पोटुशी होत्या. पदरात लेकरं होती. वाड्यात धाकटा भाऊ होता. आणि रोज मागं उभे राहून ध्रुपद धरणारे टाळकरी होते. संप्रदाय त्यांना चौदा टाळकरी म्हणतो. म्होरक्या गेला आणि टाळ हातात राहिले.

पहिली आठवण भावाची. कान्होबा धाकटे. आईबाप गेल्यावर थोरल्यानं सांभाळलेले. सावकारीच्या खतांची वाटणी झाली तेव्हा तुकोबांनी आपला वाटा इंद्रायणीत बुडवला आणि भावाचा वाटा भावाला दिला, ही कथा आपण जाणतोच. असा भाऊ गेला तेव्हा कान्होबांनी जे अभंग केले ते गाथेत छापलेले आहेत. ते जरूर वाचा. त्यात गोड बोलणं कमी आहे. कान्होबा सरळ देवाशी भांडतात, माझा भाऊ मला परत दे म्हणतात. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला ते वाचून आधार वाटतो. दुःखात देवावर रागावणं हेही भक्तीत बसतं, हे कान्होबांनी दाखवलं.

दुसरी आठवण टाळकऱ्यांची. चाकणचे संताजी जगनाडे, जातीनं तेली, घरी तेलाचा घाणा. संताजी आणि गंगाजी मवाळ हे दोघं तुकोबांचे अभंग लिहून घेत, असं परंपरा सांगते. आता विचार करा. तोंडानं गायलेला शब्द हवेत जातो. ऐकणारा म्हातारा झाला की तो शब्द त्याच्याबरोबर जातो. पण कुणीतरी दौत-लेखणी घेऊन बसला म्हणून तो राहिला. पुढे दोनशे वर्षांनी, १८६९ आणि १८७३ साली, मुंबई सरकारच्या खर्चानं गाथेचे दोन भाग छापले गेले, तेव्हा जुन्या हाताच्या वह्या गोळा करूनच ते काम झालं. आज घरोघरी गाथा आहे ती अशा लिहिणाऱ्या हातांमुळे. संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे. देहूला जाल तेव्हा तिथंही वाकून या.

तिसरी आठवण विरोधकाची. वाघोलीचे रामेश्वर भट्ट. यांनीच वह्या बुडवायला लावल्या. तेरा दिवसांनी वह्या वर आल्या, भट्टांचा अंगाचा दाह तुकोबांच्या शब्दानं शांत झाला आणि ते शिष्य झाले. आपण रोज तुकोबांची जी आरती म्हणतो ती ह्या रामेश्वर भट्टांची. रामरायानं सागरावर दगड तारले तसे हे अभंग पाण्यात राखले गेले, असं त्यात ते सांगतात. ज्यानं बुडवले त्यानंच ही साक्ष दिली. मित्रानं चांगलं म्हटलं तर जग म्हणतं, म्हणणारच. विरोधकानं म्हटलं की कुणाचं काही चालत नाही.

चौथी आठवण एका बाईची. शिऊरच्या बहिणाबाई. कोल्हापुरात असताना जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडले आणि त्या वेड्या झाल्या. तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला. ब्राह्मणाच्या बायकोनं कुणब्याला गुरू केलं म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला. पुढे नवऱ्यालाही उमज पडली आणि ते कुटुंब देहूला आलं. तिथं बहिणाबाईंनी तुकोबांना डोळ्यांनी पाहिलं आणि आपली सगळी जीवनकथा अभंगात सांगून ठेवली. ज्या काळी बाईनं लिहिणं कुणाला सहन होत नव्हतं, त्या काळची ही साक्ष. म्हणून तिचं मोल मोठं.

आता मुद्द्याची गोष्ट. बिजेच्या वेळी जिजाबाईंच्या पोटात जे बाळ होतं ते म्हणजे नारायणबाबा. ह्या लेकरानं बाप पाहिलाच नाही. बापाच्या खांद्यावर बसला नाही, बापाचं कीर्तन ऐकलं नाही. मग बाप कळला कसा? आईनं सांगितला, चुलत्यानं सांगितला, टाळकऱ्यांनी सांगितला. काही जण कीर्तनात लोक हसावेत म्हणून जिजाबाईंना नुसतं भांडकुदळ करून दाखवतात. अहो, भंडाऱ्याच्या डोंगरावर उन्हातान्हात भाकर घेऊन जाणारी ती माउली. पोराला बापाची पहिली ओळख आईच करून देते.

आणि त्या ऐकलेल्या बापासाठी नारायणबाबांनी काय केलं? १६८५ साली, बाप गेल्याला पस्तीस वर्षे झाल्यावर, तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबारायांच्या पादुका घेतल्या आणि दोन्ही एकत्र पंढरीला नेल्या. ज्ञानोबा-तुकाराम हा जोडगजर तेव्हापासूनचा, असं सांगतात. पुढे माउलींची पालखी वेगळी निघू लागली, दिंड्या वाढल्या, त्यातलीच एक आपली. म्हणजे ज्यानं पाहिलं नाही त्यानं पालखी काढली, आणि ज्यांनी पाहिलं त्यांनी ती त्याच्या मनात घातली. त्यांनी तोंड मिटून घेतलं असतं तर?

मायबापहो, आपल्या दिंडीतही हीच वेळ आलीय. पहिल्या पिढीतलं आता कुणी नाही. त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. विणेकरी, चोपदार यांची नावं वहीत सापडतील. पण मुक्कामाला चुली पेटवणाऱ्या बाया कोण, पाण्याचा हंडा कोण वाहायचं, सामानाच्या गाडीचा बैल कुणाचा, वाटेत कोण आजारी पडलं आणि त्याला कुणी पाठंगुळी घेतलं, हे कुठं लिहिलंय? ते ह्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे.

म्हणून हात जोडून एवढंच मागणं. यंदा वारीत हरिपाठ झाला की एका म्हाताऱ्याला मधे बसवा. सुनेनं विचारावं, नातवानं वहीत उतरावं, नाहीतर मोबाईलवर आवाज भरून ठेवावा. खोटं वाढवू नका, भांडण झालं असेल तेही लिहा. तुमच्या घरात आज जे तान्हं आहे त्याला पुढे आजोबा कळायचा आहे तो तुमच्याच सांगण्यातून.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम.