औषधाच्या पेटंटपासून शेखाडीच्या किनाऱ्यापर्यंत

आरडीएक्स हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले ते १९९३ साली. मात्र १८९८ मध्ये जर्मनीत हेनिंग यांनी या रसायनाचे पेटंट घेतले, ते औषधी उपयोगासाठी! १९२० मध्ये हर्झ यांनी त्यातील स्फोटकशक्ती ओळखली. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्ब, टॉर्पेडो आणि पाणबुडीविरोधी अस्त्रांत भरले गेले. आजही ते मुख्यत्वे लष्कराच्याच वापरात आहे.

१९९३ च्या फेब्रुवारीत आम्हां रत्नागिरीकरांच्या बाणकोट खाडीपलीकडे, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर ते चोरून उतरविले गेले. १२ मार्चला मुंबईत २५७ जणांचे प्राण गेले. पुढे न्यायालयाने काही सीमाशुल्क अधिकारी व पोलीस यांनाही दोषी ठरविले. पैसे घेऊन मिटलेले डोळे किती घरे उजाड करतात, हे आम्ही किनारवासीयांनी विसरू नये.