सायकल वळवताना बूट मडगार्डला का लागतो? घाबरायचं कधी आणि करायचं काय?

पावसाळा तोंडावर, म्हणून हायब्रिड सायकलला मडगार्ड बसवले. खड्डे बघून टायरही जाड टाकले. आणि फुटाळ्याजवळ यू-टर्न घेताना डाव्या बुटाचं टोक खट्कन मडगार्डला लागलं, हँडल अडकलं, तोल गेला.

सायकल बिघडलेली नाही. या प्रकाराला 'टो ओव्हरलॅप' म्हणतात. पायडल पुढे आडवं असताना बुटाचं टोक आणि वळलेलं चाक एकाच जागेत येतात.

हिशोब सोपा आहे. ७०० च्या रिमवर २८ मिलीमीटरचा टायर असेल तर चाकाची त्रिज्या साधारण ३३९ मिलीमीटर होते. ४० चा टायर टाकला की ३५१. त्यावर मडगार्डसाठी सेंटीमीटरभर फट. म्हणजे पायाची दोन सेंटीमीटरहून जास्त जागा गेली. उंची कमी असणाऱ्यांना हा त्रास जास्त, कारण फ्रेम लहान होते, पण चाक तेवढंच राहतं.

मग दूधवाल्याच्या काळ्या सायकलचं काय? तिला २८ इंची चाकं, वर लोखंडी मडगार्ड, तरी पाय लागत नाही. कारण तिचा चिमटा चांगलाच तिरका असतो आणि पुढचं चाक पायडलपासून बरंच लांब. चपळ वळणासाठी आजच्या सायकलींनी तेच अंतर कमी केलं.

वेगात असताना याची भीती नाही. तेव्हा सायकल झुकून वळते, हँडल जेमतेम फिरतं. धोका असतो तो अगदी सावकाश, पूर्ण हँडल वळवताना, म्हणजे इतवारीच्या गल्लीत किंवा सिग्नलवरून निघताना. पण मागून गाडी येत असेल तर तेवढंही पुरे.

चाक उजवीकडे वळवलं की त्याची मागची कड डावीकडे येते. म्हणजे लागतो तो बाहेरचा पाय. आपल्याकडे यू-टर्न उजवीकडेच, त्यामुळे मार डाव्या पायाला. तेव्हा वळताना डावं पायडल खाली ठेवा आणि पायडल मारणं थांबवा. मारावंच लागलं तर अर्धा फेरा मारून उलटं फिरवा. चार दिवस रिकाम्या मैदानात सराव केला की अंगवळणी पडतं.

दुसरं, पायडलवर चवडा ठेवा. तळव्याचा मध्य ठेवला की बोटं आणखी पुढे जातात. १७० ऐवजी १६५ मिलीमीटरचे क्रँक लावले तर मिळतात फक्त ५ मिलीमीटर, खर्चाच्या मानानं फार नाही. मडगार्ड टायरला अगदी चिकटवून बसवायचा मोह होईल, पण शहराबाहेर आपली काळी माती त्या फटीत भरली की चाकच जाम होतं. त्यापेक्षा टायर एक माप बारीक घ्या.

मडगार्डच्या तारांची बाहेर आलेली टोकं मात्र आजच कापून घ्या, चप्पल घालून चालवत असाल तर नक्कीच. आणि पुढच्या तारांना ताण आल्यावर सुटणारे क्लिप असलेलेच मडगार्ड मागा. पाय लागून मडगार्ड चाकात ओढलं गेलं, तर साधी तार चाक जागीच अडवते.

नवी सायकल घेताना दुकानातच रोजचे बूट घालून बसा, पायडल आडवं करा, हँडल दोन्हीकडे फिरवा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४२१० शहरी सायकलसाठी पायडलच्या मध्यापासून टायर किंवा मडगार्डपर्यंत १०० मिलीमीटर अंतर मागतं. मडगार्ड नंतर बसवणार असाल, तर मोजताना त्याचे दोन सेंटीमीटर आधीच वजा करा.