धावता धोटा

श्रोतेहो, नवे साधन आले आणि कारागिराने ते उचलले नाही, की आपण चटकन म्हणतो, "अडाणी बिचारा!" विणकराच्या धोट्याची हकीकत ऐका, मग बोला.

पूर्वी विणकर एका हाताने धोटा फेकी, दुसऱ्याने झेली. कापडाचा पन्हा हाताच्या पल्ल्याएवढाच. १७३३ साली इंग्लंडात जॉन के याने फणीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पेट्या बसवल्या. दोरीला हिसका दिला की धोटा सर्रकन पलीकडे. आपल्याकडे तो मुख्यतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पसरला. हिसक्याला टिकणारे एकसारखे सूत हवे. हातसूत तटकन तुटे. गिरणीचे सूत मिळू लागले तरी, कांड्या भरणारी घरातली बायकापोरे तेवढीच. मागाने वेग घेतला तर पुरवायचे कोणी?

साध्या कापडाच्या मागांवर तो लवकर रुजला. गावच्या सुताराने जुन्याच मागाला जोडून द्यावा, खर्च बेताचा. पण रंगीत काठाचे लुगडे घ्या. दोन काठांचे दोन धोटे, अंगाचा तिसरा; काठाशी धाग्यात धागा अडकवून माघारी फिरायचे. इकडून तिकडे धावत सुटणारा धोटा तिथे काय कामाचा? पैठणीवाल्याला तर विचारूच नका.

१९४२ च्या सरकारी समितीच्या अहवालात देशातल्या निम्म्याहून अधिक हातमागांवर धावता धोटा नोंदला आहे. बाकीच्या मागांवर धोटा हातानेच फिरत होता, आणि त्यांतल्या कित्येकांवर काठापदराचे काम चालले होते.