मालिकेत नसलेला कापूस

गावोगावची जुनी कागदपत्रे गोळा करत हिंडणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरचे कागद रद्दीत घातले, ही कबुली आधीच दिलेली बरी. आंजी (मोठी) हे वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे गाव. आमच्या घरी स्वयंपाकखोलीच्या दारामागे एक खिळा होता. त्याला दरवर्षी कालनिर्णय टांगले जाई, आणि जुने वर्ष न काढता त्याच्यावरच नवे चढे. आई तारखांच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याचा दिवस, वेचणीच्या बायांना दिलेले पैसे लिहीत असे. मधूनमधून दोनच शब्द : ‘लाईन नाही’. आणि काही चौकोनांत नुसतेच ‘अनु’. मला वाटायचे, कुणा अनसूयाबाईची उधारी असेल. आई गेल्यावर घर आवरताना तो सगळा गठ्ठा मी रद्दीवाल्याला दिला. डब्यांच्या फळीवर अंथरलेली २००४ आणि २००६ सालची काही पाने तेवढी वाचली.

‘अनु’ म्हणजे ‘चार दिवस सासूचे’ मालिकेतली अनुराधा, हे शेजारच्या काकूंनी मला सांगितले तेव्हा गठ्ठा जाऊन दोन वर्षे झाली होती. मालिकेचा भाग पाहायला मिळाला की आई त्या दिवशी तशी खूण करी. वीज नसली की ‘लाईन नाही’. म्हणजे एका कापूसपिकवणाऱ्या गावातली, एका प्रेक्षकाने ठेवलेली, काही वर्षांची रोजची नोंद माझ्या घरी होती, आणि मी त्या काळात दुसऱ्यांच्या माळ्यांवर मोडी कागद शोधत होतो. मालिका हा विषय मला इतिहासाचा वाटतच नव्हता. बायकांनी पाहायची गोष्ट, एवढीच माझी समजूत होती. तिची शिक्षा म्हणून हा लेख लिहीत आहे म्हणा.

दूरच्या एका देशात या विषयाची कशी बडदास्त ठेवली जाते ते पाहिले की आपले नुकसान कळते. ब्रिटनमध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका ९ डिसेंबर १९६० रोजी सुरू झाली आणि अजून चालू आहे. तिथले चाहते तिचे गाजलेले भाग तारखेनिशी सांगतात. ‘ईस्टएंडर्स’ या दुसऱ्या मालिकेचा १९८६ च्या नाताळातला भाग, ज्यात गुत्तेवाला डेन आपल्या बायकोच्या हाती घटस्फोटाचे कागद ठेवतो, तो तीन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेपाच कोटींच्या थोडी वर होती. त्या बायकोचे नाव अँजी. आमच्या गावाशी तिचा संबंध एवढाच, पण वाचताना मी थबकलो होतो खरा. अशा भागांवर तिथे पुस्तके निघतात, वर्धापनदिनी ते पुन्हा दाखवले जातात, लोक वाद घालतात. हे सगळे शक्य होते, कारण भाग जपलेले आहेत आणि कोणता भाग कोणत्या दिवशी लागला याची यादी आहे.

आपल्याकडे कौटुंबिक मालिकेची सुरुवात ‘हम लोग’ने झाली. ७ जुलै १९८४ ते १७ डिसेंबर १९८५, एकूण १५६ भाग, लेखक मनोहर श्याम जोशी, आणि शेवटी दोन शब्द बोलायला अशोककुमार. कुटुंबनियोजनाचा प्रचार करायचा म्हणून मेक्सिकोतल्या मालिकांच्या धर्तीवर ती आखली होती. सुरुवातीचे भाग उपदेशाने जड झाले, तेव्हा उपदेश कमी करून गोष्ट वाढवावी लागली. प्रेक्षकांची लाखो पत्रे आली आणि त्यांवर अभ्यासही झाले. मराठीत रोज लागणारी पहिली मालिका दूरदर्शनवरची ‘दामिनी’. प्रतीक्षा लोणकरांनी रंगवलेली ती पत्रकार आमच्या गावातल्या बायकांना अजून चांगली आठवते, कारण ती साध्या अँटेनावर दिसे. केबल लागायच्या आधीचा तो जमाना.

मग ‘चार दिवस सासूचे’ आली. ई टीव्ही मराठी ही वाहिनी २००० साली सुरू झाली, आणि तिच्यावर २६ नोव्हेंबर २००१ पासून ही मालिका लागली ती जानेवारी २०१३ पर्यंत. तीन हजारांवर भाग. आशा देशमुख ही करारी सासू रोहिणी हट्टंगडी यांनी केली, सून अनुराधा कविता लाड यांनी. याच रोहिणीबाई १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटातल्या कस्तुरबा. त्या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. कस्तुरबा ज्या सेवाग्रामात राहिल्या, जिथे ‘बा कुटी’ आजही आहे, तो सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात. पण मी आंजीत ज्या बायांशी बोललो त्यांतल्या एकीलाही कस्तुरबा आधी आठवल्या नाहीत. ‘ते आशा देशमुख नाई का?’ हेच पहिले उत्तर. एका अभिनेत्रीच्या दोन भूमिकांपैकी जगाने एक डोक्यावर घेतली आणि तिच्या मूळ भूमीजवळच्या बायांनी दुसरी.

बायांशी बोलायला मी वही घेऊन गेलो तेव्हा माझा पहिला प्रश्न ब्रिटिश वळणाचा होता : सगळ्यात गाजलेला भाग कोणता? कुणालाच तो धड सांगता येईना. मी निराश होऊन वही मिटणार, तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, ‘‘बापू, तवा लाईन रायतच कुठं होती? अर्धं आमी पायलं, अर्धं आयकलं.’’

इथे मला विषय सापडला. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन किती तासांचे होते ते वाचकांना आठवत असेल. आंजीत संध्याकाळची लाईन गेली की मालिका बुडे. पण वर्ध्याला लेक दिलेली असे, किंवा तिकडे कामाला जाणारी कुणी असे. शहरात वीज जायची वेळ वेगळी. सकाऊन ती बसने आली, की हापशीवर कालचा भाग सांगितला जाई. सांगणारी आपल्या अंगाने सांगे. जिचे सासूशी पटत नसे तिच्या तोंडून आशा देशमुख अधिक खाष्ट होई. जी स्वतः सासू झालेली असे तिच्या सांगण्यात सुनेच्या चुका वाढत. मावशी हसत म्हणाल्या की नंतर एकदा तो भाग पुन्हा लागला तर त्यांना तो फिका वाटला. म्हणजे या मालिकेचे कितीतरी भाग आंजीत कधी दिसलेच नाहीत, फक्त ऐकले गेले. उद्या वाहिनीच्या कपाटातून तीनही हजार भाग सुखरूप निघाले, तरी आंजीने ऐकलेले भाग त्यांत नसणार.

आता या स्मरणावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे. मीही तो केला. दोघींनी मोठ्या खात्रीने सांगितलेला एक प्रसंग ‘आभाळमाया’तला निघाला. एकीने एका पात्राचे दोनदा लग्न लावले, पण मालिकांत तसे होतही असते, त्यामुळे मी खोडले नाही. कथानकाच्या बाबतीत बायांची साक्ष कच्ची आहे. काळाच्या बाबतीत मात्र ती आश्चर्य वाटावे इतकी पक्की आहे. ‘अमुक झालं तवा आपल्या इथं पहिल्यांदा बीटी पेरली’, ‘ते भांडण झालं त्या दिवाईत कापूस घरातच पडून होता, भाव नोता’, ‘तिकडं अनु घर सोडून गेली आन इकडं आमच्या दिराचं तसं झालं’. शेवटच्या वाक्यावर मी पुढे विचारले नाही. विदर्भातल्या वाचकाला ‘तसं झालं’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

मालिकेचा कालखंड आणि कापसाचा कालखंड शेजारी ठेवून पाहा. बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये, मालिका सुरू झाल्यावर चार महिन्यांनी. २००५ साली वर्धा जिल्ह्यातल्या डोरली गावाने ‘गाव विकणे आहे’ असे जाहीर केले. २००६ मध्ये केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज दिले, त्यांत वर्धा होता. हे सगळे घडत असताना आंजीतल्या बाया रोज संध्याकाळी एका श्रीमंत देशमुख घराण्याची भांडणे पाहत होत्या. देशमुख हे नाव आमच्याकडे वतनाचे, वाड्याचे, शेतीचे. मालिकेतल्या देशमुखांच्या घरात कापूस नव्हता. बोंड नव्हते, फवारणी नव्हती, जिनिंगवरची बैलबंड्यांची रांग नव्हती.

हे नसणे काही आपोआप होत नाही. ब्रिटनच्याच रेडिओवर ‘द आर्चर्स’ नावाची श्रुतिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर सुरू झाली. खेड्यातले एक शेतकरी कुटुंब आणि त्याचा प्रपंच, रोजची पंधरा मिनिटे. युद्धानंतर तिथे अन्नधान्याचे रेशनिंग चालूच होते, म्हणून शेतीखात्याच्या सल्ल्याने त्या श्रुतिकेच्या संवादांतच नव्या शेतीची माहिती घातली जाई. पण लोक ऐकत ते माहितीसाठी नाही. २२ सप्टेंबर १९५५ रोजी ग्रेस ही नायिका आगीत मेली, तेव्हा श्रोत्यांनी खरे कुणी गेल्यासारखा शोक केला. त्याच दिवशी तिथली पहिली खासगी दूरचित्रवाहिनी सुरू होत होती, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चर्चा ग्रेसचीच. पुढे २००१ मध्ये जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा त्या श्रुतिकेत ती ताबडतोब आली. मजा अशी की तिचेही सुरुवातीचे बरेचसे भाग जपले गेलेले नाहीत. तरी शेती मात्र तिच्यात राहिली.

आपल्याकडे शेती आणि प्रपंच यांची वाटणी झाली. शेती ‘आमची माती आमची माणसं’कडे गेली, ती पुरुषांनी पाहायची; प्रपंच मालिकांकडे, तो बायकांनी. जिच्या हाताला वेचणीची बोंडे टोचलेली असत तिने मात्र कापसाविषयी काही ऐकायचे नाही, असा तो हिशेब. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी या मालिकांना ‘पळवाट’ म्हणून झोडपले, आणि मीही आईला तेच ऐकवले आहे. पण काकूंची गोष्ट ऐकल्यावर ‘पळवाट’ हा शब्द मला जड जातो. पळणाऱ्या माणसाला मागे काय सुटले ते आठवत नाही. या बायांनी अनुराधेच्या प्रत्येक वळणाला आपल्या शेताची, आपल्या घरातल्या मरणाची तारीख बांधून ठेवली आहे. मालिकावाल्यांनी न घातलेला कापूस त्यांनी आपल्या बाजूने घातला.

या साक्षी मिळवायला आता वेळ थोडा आहे. पहिल्या भेटीत ज्या काकूंनी ‘अनु’चा उलगडा केला त्यांना हल्ली नावे आठवत नाहीत. हापशी बंद पडून वर्षे झाली, नळ घरोघरी आला, आणि कालचा भाग आता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर असतो. वर्ध्याच्या किंवा आर्वीच्या एखाद्या घरात खिळ्याला अशी कॅलेंडरे अजून लटकत असतील, तर वाचकांनी ती काढण्यापूर्वी मागची-पुढची पाने पाहावीत.

माझ्याकडच्या पानांत जुलै २००६ आहे. त्या महिन्याच्या १ तारखेला शनिवार होता. जूनअखेर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले होते, आमच्या जिल्ह्यातल्या वायफडलाही गेले, आणि या १ तारखेलाच ते पॅकेज जाहीर झाले. त्या चौकोनाच्या कडेला बरणीच्या तेलाचा डाग आहे, पण अक्षर लागते. दूध दीड लिटर. खाली आईच्या बारीक अक्षरात : ‘लाईन होती. अनु.’