डॉ. व्हिएगस : दवाखान्यातून सभागृहात

वसईचा इतिहास म्हटला की चिमाजीअप्पांची १७३९ ची मोहीम आणि अर्नाळ्याचा जलदुर्ग ही चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु गोव्यातील अर्पोरा गावी १८५६ साली जन्मलेल्या एका पुरुषाने मुंबईत शस्त्रावाचून एक मोठा संग्राम केला, त्याचे स्मरण आपल्या घरांतून क्वचितच होते. डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस हे त्या पुरुषाचे नाव. ते ख्रिस्ती होते. आपल्या ज्ञातीचे नव्हते. तरीही त्यांचे चरित्र या स्मरणिकेत यावे, असे मला वाटते. त्याचे कारण लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

हा मुलगा लहान वयातच मुंबईस गेला. १८७४ मध्ये मॅट्रिक होऊन १८८० मध्ये त्याने ग्रँट मेडिकल कॉलेजची पदवी मिळविली. व्हिएगसांनी आपला व्यवसाय मांडला तो मांडवी भागात. बंदरानजीकची ही वस्ती धान्याच्या वखारींची, अरुंद गल्ल्यांची आणि कोंदट चाळींची होती.

मुंबई महापालिकेचा नवा कायदा १८८८ मध्ये झाला. त्यानुसार ७२ सभासदांपैकी ३६ जण करदात्यांनी निवडून द्यावयाचे होते. मताधिकार मूठभरांचाच होता, तरी लोकांनी आपला माणूस पाठविण्याची वाट त्याने रुंद झाली. त्याच वर्षी डॉ. व्हिएगस महापालिकेचे सभासद झाले. उत्तम चाललेला व्यवसाय असता वैद्याने या उठाठेवीत का पडावे? रोगी बरा करणे वैद्याच्या हाती असते. परंतु ज्या गटारामुळे तो पुन्हा आजारी पडतो, ते साफ करविण्याचा अधिकार सभागृहाचा असतो. सार्वजनिक आरोग्याचे हे मर्म आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये या दुहेरी भूमिकेची कसोटी लागली. मांडवीच्या वखारींतून उंदीर मरून पडू लागले, आणि जांघेत व काखेत गाठी येऊन माणसे तापाने दगावू लागली. हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग होय, असे निदान डॉ. व्हिएगसांनी केले. ते त्यांनी दवाखान्यातच ठेवले नाही. महापालिकेच्या स्थायी समितीपुढे उघडपणे मांडले. हे बोलणे सोपे नव्हते. प्लेगचे नाव उच्चारताच परदेशी बंदरे मुंबईच्या गलबतांना अटकाव करणार व शहराचा व्यापार बसणार, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून अनेकांस ते निदान नकोसे वाटले. पुढे तज्ज्ञांच्या तपासणीत ते खरे ठरले.

त्यानंतर वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगप्रतिबंधक लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. डॉ. व्हिएगसांनी सुमारे १८,००० लोकांना ती टोचली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. वस्त्यांची सफाई व उंदरांचा नाश यांसाठीही त्यांनी आग्रह धरला. पिसवांच्या द्वारे हा रोग उंदरांपासून माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले.

याच काळात सरकारने बळाचाही मार्ग अवलंबिला. सक्तीच्या झडत्यांनी पुण्यात संताप उसळला आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही दंगा झाला. उपाय कितीही शास्त्रोक्त असला, तरी तो घेऊन येणाऱ्यावर लोकांचा विश्वास हवा. गल्लीतल्या घरांत ज्याचे येणेजाणे आहे, अशा वैद्यापुढे माणूस दंड उघडा करतो. शिपायापुढे तो दार लावून घेतो.

डॉ. व्हिएगस १९०६ मध्ये महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या पदास ‘महापौर’ हे नाव पुढे आले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. धोबीतलावास, मेट्रो चित्रपटगृहासमोर, त्यांचा पुतळा उभा आहे.

आता मूळ मुद्दा. २००९ मध्ये चार नगरपरिषदा व अनेक गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. पिण्याचे पाणी, सांडपाणी, कचरा व प्रसूतिगृहे यांचे प्रश्न आपल्या दारी आहेत. निवडणूक आली, की ‘उमेदवार आपल्यातला आहे काय?’ हा प्रश्न आपल्या घरांतून पहिला निघतो. ज्ञातीच्या संस्थेने विद्यार्थ्यांस साहाय्य करावे, विवाह जुळवावेत, संकटात धावून जावे. हे तिचे कर्तव्यच होय. परंतु प्लेगने मांडवीत कोणाचीही ज्ञात विचारली नाही, आणि डॉ. व्हिएगसांनीही रोग्यास ती विचारली नाही. आपल्या मुलांमुलींपैकी कोणी आरोग्याचे कार्य करीत सभागृहाची वाट धरील, तर त्यास अवश्य पाठबळ द्यावे. आणि तसा सेवक दुसऱ्या समाजात आढळल्यास आपले मत त्यास देण्यातही ज्ञातीचा गौरवच आहे.